इंटरनेटवरचं लेकी बोले, सुने लागे

लॉस एंजेलिसमध्ये एलिझार स्मिथ नावाच्या माणसाचं पुस्तकांचं दुकान होतं. दुकानात अश्लील पुस्तक नुसतं सापडलं तरी गुन्हा, असा तिथल्या शहराचा नियम. पुस्तकाच्या आत काय आहे हे दुकानदाराला ठाऊक होतं की नाही, हे त्या नियमात कुणी विचारतच नव्हतं. स्मिथला शिक्षा झाली, प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९५९ साली न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. त्यामागचा विचार कुणालाही पटण्यासारखा आहे. न वाचलेल्या पुस्तकासाठीही तुरुंगात जावं लागणार असेल, तर दुकानदार स्वतः वाचलेलीच पुस्तकं ठेवील. एकटा माणूस वाचून वाचून किती वाचणार? मग फळीवर मोजकीच पुस्तकं उरतील, आणि ज्यांच्यात काहीही वावगं नव्हतं अशी कितीतरी पुस्तकं गिऱ्हाइकाच्या नजरेलाही पडणार नाहीत. त्यांच्यावर कुणी बंदी घातलेली नसेल. ती मागवलीच गेली नसतील, इतकंच.

इंटरनेटवरच्या मजकुराचे कायदे समजून घ्यायचे तर या दुकानदाराला डोळ्यांपुढून हलू देऊ नये. आज त्याच्या गल्ल्यावर फेसबुक, यूट्यूब, एक्स, इन्स्टाग्राम बसले आहेत. लिहिणारा एक, वाचणारा दुसरा आणि मजकूर पोचवणारा हा मधला तिसरा. कायद्याच्या भाषेत त्याला 'मध्यस्थ' म्हणतात. भांडण सोडवणारा तो मध्यस्थ वेगळा; इथे अर्थ फक्त एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत नेणारा एवढाच.

सरकारला एखादी पोस्ट नको असेल तर दोन वाटा असतात. लिहिणाऱ्याला धरायचं, किंवा मधल्याला. लिहिणारे कोट्यवधी, विखुरलेले, कधी टोपणनावाने लिहिणारे, कधी परदेशात बसलेले. मधले मोजके. त्यांचं ऑफिस कुठे आहे ते माहीत असतं, त्यांना त्या देशात धंदा करायचा असतो. म्हणून गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभरचे कायदे हळूहळू दुसऱ्या वाटेकडे सरकले आहेत. लेकी बोले सुने लागे म्हणतात तसला हा प्रकार. दटावणी कंपनीला आणि तोंड मिटतं तुमचं-माझं. फरक एवढाच की म्हणीतल्या सुनेला टोमणा निदान ऐकू तरी येतो.

सुरुवातीला मधल्याचं नेमकं काय करायचं हे न्यायालयांनाही उमगत नव्हतं. १९९१ साली कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवेवर बदनामीचा दावा झाला. कंपनी मजकूर वाचतच नव्हती, म्हणून न्यायालयाने तिला पुस्तकविक्रेत्याच्या रांगेत बसवलं आणि ती सुटली. १९९५ साली तसाच दावा प्रॉडिजी या दुसऱ्या सेवेवर झाला. ही कंपनी जरा शिस्तीची. शिवीगाळ गाळायला सॉफ्टवेअर लावलेलं, चर्चांवर लक्ष ठेवायला माणसं नेमलेली. न्यायालय म्हणालं, तुम्ही निवडता-काढता, म्हणजे तुम्ही प्रकाशक झालात, जबाबदारी घ्या. दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहा. अंगण न झाडणारा सुटला आणि झाडणाऱ्याला कोपऱ्यातल्या कचऱ्याचा दंड झाला. या उफराट्या न्यायावर उतारा म्हणून अमेरिकेने १९९६ साली प्रसिद्ध कलम २३० आणलं. दुसऱ्याच्या मजकुरासाठी मधल्याला प्रकाशक समजायचं नाही, आणि त्याने चांगल्या हेतूने काही काढलं तर त्यासाठीही त्याला धरायचं नाही. काही गोष्टी त्यातून वगळल्या आहेत, उदाहरणार्थ केंद्रीय फौजदारी कायदे आणि कॉपीराइट.

भारतात हाच धडा वेगळ्या मार्गाने गिरवावा लागला. २००४ साली बाझी डॉट कॉम या खरेदी-विक्रीच्या साइटवर कुणा विक्रेत्याने एक अश्लील क्लिप विकायला ठेवली, आणि अटक झाली कंपनीच्या प्रमुखाला. त्यानंतर २००८ सालच्या दुरुस्तीत माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ला आजचं रूप आलं. मध्यस्थाने योग्य ती काळजी घेतली आणि बेकायदा मजकुराची प्रत्यक्ष जाणीव झाल्यावर तो हटवला, तर त्याच्यावर जबाबदारी नाही. या संरक्षणाला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ 'सुरक्षित बंदर' असा होतो. बंदर ही उपमा चपखल आहे, कारण बंदरात थांबायचं तर बंदराच्या मालकाचं ऐकावं लागतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल की हा लेखक सरकारने इंटरनेटला हातच लावू नये म्हणणाऱ्यांपैकी आहे. तसा मी नाही. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला करणाऱ्याने आपलं कृत्य फेसबुकवर थेट दाखवलं. ते चालू असताना बघणारे दोनशेही नव्हते, पण पुढच्या २४ तासांत त्या चित्रफितीच्या १५ लाख प्रती हटवाव्या लागल्या, असं कंपनीनेच सांगितलं. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्ध वर्षानुवर्षं विष पसरवलं जात होतं. ते थांबवायला आपण पुरेसं केलं नाही, अशी कबुली फेसबुकने २०१८ साली दिली. एखाद्या मुलीचे खासगी फोटो कुणी सूडापोटी टाकले तर तिने न्यायालयाच्या तारखा मोजत बसावं का? अशा वेळी मजकूर लगेच उतरला पाहिजे आणि तो उतरवण्याची सक्ती कायद्यानेच करायला हवी. कंपन्यांच्या सदिच्छेवर सोडलं तर काय होतं ते म्यानमारने दाखवलंय. माझी तक्रार नियमन कुठल्या दाराने घरात येतं त्याबद्दल आहे.

पहिलं दार म्हणजे लिहिणाऱ्याला शिक्षा. आपल्याकडे त्याचं नाव होतं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ. ऑनलाइन काहीतरी 'अतिशय आक्षेपार्ह' लिहिलं, किंवा खोटं आहे हे ठाऊक असून त्रास द्यायला, गैरसोय करायला पाठवलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्रास! गैरसोय! आपल्या बोलण्याने कुणाला कधी त्रास झालाच नाही असा माणूस मला दाखवा. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर पालघरमधल्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला, दुसरीने तो लाइक केला आणि पोलिसांनी दोघींनाही अटक केली. देशभर गदारोळ उठला, खटला मागे पडला. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरवलं. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२)मध्ये भाषणावर बंधनं घालण्याची कारणं मोजून दिलेली आहेत. देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, राज्याची सुरक्षितता, परदेशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. या आठांबाहेरचं नववं कारण सरकारला काढता येत नाही, आणि 'गैरसोय' या यादीत कुठेच नाही.

हे दार वाईटच, पण ते वाजतं. अटक होते, बातमी होते, वकील उभा राहतो, कुणीतरी न्यायालयात जातं. दुसऱ्या दाराला तेल घातलेलं असतं. म्हणून उरलेला लेख बहुतेक त्या दुसऱ्या दाराबद्दल.

कल्पना करा, एका मोठ्या कंपनीत कायदेशीर नोटिसा हाताळणाऱ्या टेबलावर तुम्ही बसला आहात. समोरच्या पडद्यावर सरकारी पत्र आलं आहे: अमुक दुव्यावरची पोस्ट बेकायदा आहे, हटवा. पोस्ट तुम्हाला नीट न येणाऱ्या भाषेत आहे. व्यंगचित्र आहे, पण कुणावर, कशाबद्दल, ते बाहेरच्याला कळणं कठीण. हा विनोद, हा अपमान की ही चिथावणी, हे ठरवायला न्यायालयाला महिने लागले असते. तुमच्याकडे तास आहेत, आणि मागे अशाच नोटिसांची रांग. आता नुसता हिशेब करा. पोस्ट ठेवली आणि ती बेकायदा निघाली, तर दंड, खटला, कदाचित साहेबांवर गुन्हा. पोस्ट काढली आणि ती निर्दोष निघाली, तर एक वापरकर्ता चिडेल. तोही बहुधा दोन ओळींची तक्रार लिहून गप्प बसेल. तुम्ही काय कराल? मीसुद्धा तेच करीन. त्यात कुणी भ्याड नाही की दुष्ट नाही. ज्याची चूक महाग त्या बाजूला जाणं टाळायचं, एवढं साधं व्यवहारज्ञान आहे.

हा हिशेब किती खरा ठरतो ते जर्मनीने लवकरच पाहिलं. २०१७ साली तिथे द्वेषपूर्ण मजकुराविरुद्ध कायदा झाला. उघडउघड बेकायदा मजकूर तक्रारीनंतर २४ तासांत हटवायचा, बाकीचा साधारण ७ दिवसांत. यंत्रणाच ढिसाळ निघाली तर ५ कोटी युरोपर्यंत दंड. विनाकारण काढलेल्या पोस्टसाठी मात्र दंडाची तरतूद नव्हती. जानेवारी २०१८मध्ये तो पुरता अमलात आला आणि पहिल्याच आठवड्यात ट्विटरने 'टायटॅनिक' या विडंबन मासिकाचं खातं काही काळ बंद केलं. मासिकाने एका उजव्या खासदाराच्या मुस्लिमद्वेषी ट्वीटची टर उडवली होती. द्वेषावर हसणाऱ्यालाच द्वेषाच्या कायद्याचा फटका बसला. फ्रान्सने २०२० साली याच धर्तीवर आणखी कडक कायदा केला. काही मजकुरासाठी २४ तास, दहशतवादाशी आणि बालकांच्या लैंगिक शोषणाशी संबंधित मजकुरासाठी तर एकच तास. तिथल्या घटना परिषदेने त्याच वर्षी १८ जूनला त्यातलं मुख्य कलम रद्द केलं. इतक्या कमी वेळात आणि इतक्या दंडाच्या भीतीने कंपन्या कायदेशीर मजकूरही काढून टाकतील, हे त्यामागचं एक प्रमुख कारण होतं. स्मिथच्या दुकानाची आठवण इथे पुन्हा यावी.

वेळ कमी आणि पोस्टी अफाट, म्हणून काम यंत्राकडे जातं. यंत्राबद्दल लोक मला सांगतात, 'अहो, आता ९९ टक्के अचूक असतं ते.' ठीक आहे, धरून चालू. उदाहरणापुरती १० लाख पोस्टी घ्या आणि त्यांतल्या १०० खरोखर बेकायदा आहेत असं समजा. ९९ टक्के अचूक यंत्र त्यांतल्या ९९ पकडेल, छान. पण उरलेल्या ९,९९,९०० निर्दोष पोस्टींपैकीही एक टक्का, म्हणजे जवळपास १०,००० चुकून पकडेल. पकडलेल्या दर शंभरांत गुन्हेगार सापडला एक आणि साव नव्याण्णव. आकडे मी मनाचे घेतलेत, ते बदलून पाहा. पण शोधायची गोष्ट दुर्मीळ असेल तर असंच होणार. अचूकतेची टक्केवारी ऐकली की एकूण पोस्टी किती आणि त्यांत वाईट किती, हे आधी विचारावं.

या 'चुकून'ची किंमत कधीकधी फार मोठी असते. २०१७ साली यूट्यूबने अतिरेकी मजकूर शोधायला यंत्रणा लावली, आणि त्या झाडणीत सीरियातल्या युद्धातले अत्याचार टिपून ठेवणाऱ्यांच्या चित्रफितीही गेल्या. यंत्राला रक्त दिसतं, स्फोट दिसतो. तो कुणी फुशारकीने टाकलाय की पुरावा म्हणून, हे त्याला कळत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातल्या एका लष्करी कमांडरविरुद्ध वॉरंट काढलं, तेव्हा आधाराला समाजमाध्यमांवरच्या चित्रफितीच होत्या. त्या आधीच पुसल्या गेल्या असत्या तर?

आता आपल्याकडच्या दुसऱ्या दाराकडे. त्याच कायद्याचं कलम ६९अ केंद्र सरकारला मजकूर रोखण्याचे, म्हणजे ब्लॉक करण्याचे आदेश देऊ देतं. मध्यस्थाने ऐकलं नाही तर ७ वर्षांपर्यंत कैद. २०१५च्या त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने ६६अ पाडलं आणि ६९अ मात्र उभं ठेवलं, कारण त्यात कारणं ठरलेली आहेत, समिती आहे, ऐकून घेण्याची सोय आहे आणि आदेशाची कारणं लेखी द्यावी लागतात, म्हणजे त्यांना आव्हान देता येतं. वाचायला सगळं ठाकठीक. पण कलमासोबतचे २००९चे नियम उघडा. नियम ८ म्हणतो की संबंधित 'व्यक्ती किंवा मध्यस्थ' शोधून त्याला नोटीस द्यावी. त्या 'किंवा'वर बोट ठेवा. कंपनीला नोटीस गेली की नियमाचं समाधान होतं, असा अर्थ त्यातून काढता येतो. लिहिणारा ओळखता येत असेल तर त्यालाही ऐकावं, असं निकालात म्हटलं आहे. व्यवहारात लेखकाला आपला मजकूर गायब झाल्यावरच कळतं, अशा तक्रारी वारंवार होतात. पुढे नियम १६ येतो. विनंती, तक्रार आणि कारवाई यांबाबत कडक गोपनीयता पाळायची. म्हणजे कारणं लिहिली जातात खरी, त्यांना आव्हानही देता येतं, पण ती बघायला मागितली की नियम १६ दारात आडवा येतो. सासूने सुनेला घराबाहेर काढावं, कारण कपाटात लिहून ठेवावं आणि किल्ली कमरेला खोचावी, तसं हे झालं.

दुसरा रस्ता कलम ७९मधून जातो. तिथे शब्द आहेत, बेकायदा मजकुराची 'प्रत्यक्ष जाणीव' झाली किंवा सरकारने कळवलं तर मध्यस्थाने तो हटवायचा, नाहीतर संरक्षण गेलं. २०१५मध्ये न्यायालयाने ही 'जाणीव' आवळून बांधली: न्यायालयाचा आदेश, किंवा १९(२)मधल्या कारणांवर बेतलेली सरकारी सूचना. कुणीही तक्रार केली आणि कंपनीने न्यायाधीश बनून ठरवलं, असं नको. या कायद्याखालच्या २०२१च्या नियमांनी अशा आदेशांसाठी ३६ तासांची मुदत घातली होती; फेब्रुवारी २०२६मध्ये ती ३ तासांवर आली. शिवाय ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना भारतात राहणारा मुख्य अनुपालन अधिकारी नेमायला लावलं. कंपनीने नियम मोडले तर कारवाई त्याच्यावर व्यक्तिशः होऊ शकते. मघाच्या टेबलावर तुम्ही बसला होता ना? आता कुणाच्या सहीखाली बसला होता ते कळलं असेल. टीकाकार या अधिकाऱ्याला ओलीस म्हणतात. शब्द जहाल आहे, पण चुकीचा आहे असं मला वाटत नाही.

पुढे केंद्रीय गृह मंत्रालयाने 'सहयोग' हे पोर्टल आणलं. वेगवेगळ्या यंत्रणा त्यावरून कलम ७९खाली कंपन्यांना नोटिसा धाडू शकतात. ६९अमधली समिती, सुनावणी वगैरे पायऱ्या टाळून हा आडरस्ता काढलाय, असं म्हणत एक्स कंपनी कर्नाटक उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०२५मध्ये न्यायालयाने तिची याचिका फेटाळली. महिन्याभरात सरकारने नियम सुधारून अशा नोटिसा काढण्याचा अधिकार वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरता ठेवला आणि कारणं नमूद करणं बंधनकारक केलं. सुधारणा चांगली आहे. पण आदेश देणारा आणि त्याचा हिशेब तपासणारा दोघेही सरकारचेच, हा मूळ गुंता तिने सुटत नाही.

मधल्यावरचा धाक किती खुबीने वापरता येतो याचा सर्वांत बोलका नमुना मुंबई उच्च न्यायालयात तपासला गेला. २०२१च्या त्याच नियमांतल्या एप्रिल २०२३च्या दुरुस्तीने केंद्र सरकारने नेमलेल्या एका फॅक्ट चेक युनिटची तरतूद आणली. केंद्राच्या कारभाराबद्दल अमुक मजकूर खोटा, बनावट किंवा दिशाभूल करणारा आहे, हे ते युनिट ठरवणार. ठरवल्यावर पुढे काय? नियमात लिहिणाऱ्याला शिक्षा नव्हती, हटवण्याचा थेट आदेशही नव्हता. फक्त शिक्का मारलेला मजकूर ठेवणाऱ्या कंपनीचं सुरक्षित बंदर धोक्यात येणार होतं. सरकारचा युक्तिवादही हाच होता की आम्ही कुठे काही काढायला सांगतोय! कुणाल कामरा आणि इतर याचिकाकर्त्यांचं म्हणणं होतं की, कंपनी तो मजकूर ठेवेल कशाला? जानेवारी २०२४मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं उलटसुलट पडली. सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी नियम घटनाबाह्य असल्याचं मत दिलं आणि तो रद्द झाला. १९(२)ची ती आठ कारणं पुन्हा वाचा. 'खोटं' हे कारण त्यांत नाही. खोट्याने दंगल भडकली, कुणाची बदनामी झाली, तर कायदा आहेच. पण सरकारच्या कारभाराबद्दल खरं काय याचा निवाडा सरकारनेच करायचा, हे म्हणजे पेपर लिहिणाऱ्यानेच तपासायचा.

सिंगापूरने २०१९ साली हे उघडपणे केलं. तिथे मंत्री एखादं विधान खोटं असल्याचं ठरवून त्याच मजकुराला दुरुस्तीची सूचना चिकटवायला लावू शकतात. पटलं नाही तर न्यायालयात नंतर जायचं. मूळ मजकूर वाचकाला दिसत राहतो, एवढं त्यातल्या त्यात बरं. युरोपीय संघाचा २०२२चा डिजिटल सेवा कायदा मला यापेक्षा विचारी वाटतो. त्यातले दंड जबर आहेत, जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत. पण पोस्ट काढली तर का काढली हे लिहिणाऱ्याला सांगायला तो कायदा कंपनीला भाग पाडतो, आणि त्याविरुद्ध दाद मागायची वाटही देतो. ज्यांनी कधी 'तुमची पोस्ट आमच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही' हे एक वाक्य मिळाल्यावर कुठली पोस्ट, कुठलं तत्त्व, असं विचारायला खिडकी शोधली आहे आणि ती सापडलेली नाही, त्यांना या तरतुदीची किंमत सांगायला नको. ब्रिटनमध्ये २०२३चा ऑनलाइन सुरक्षा कायदा घडत असताना 'कायदेशीर पण हानिकारक' अशा मजकुराचीही जबाबदारी कंपन्यांवर टाकायचा विचार होता. प्रौढांच्या बाबतीत ते कलम २०२२च्या अखेरीस मागे घेतलं गेलं. जे बोलणं गुन्हा नाही ते रोखायला कंपनीला भाग पाडायचं, यातली विसंगती तिथल्या खासदारांनाच खटकत होती.

आणि मग येतं ते न लिहिलेलं. ते मोजायचं कसं? २०१३ साली अमेरिकी सरकारची इंटरनेटवरची पाळत एडवर्ड स्नोडेनने उघड केली. त्यानंतर विकिपीडियावरच्या दहशतवादाशी संबंधित लेखांचं वाचन घटल्याचं जोनाथन पेनी या संशोधकाने दाखवलं. लेख वाचणं कुठेच गुन्हा नव्हतं. तरी माणसं बिचकली. आपल्याकडे ६६अ रद्द झाल्यानंतरही अनेक वर्षं पोलीस त्या कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले, इतके की ऑक्टोबर २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की मेलेल्या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. कायदा मेला तरी त्याचं भय राहतं, आणि त्या भयाला ब्लॉक करण्याच्या आदेशाचीही गरज लागत नाही.

त्यामुळे नवा मसुदा आला की मी उद्दिष्टांचं पान सरळ उलटतो. मुलांचं रक्षण, देशाची सुरक्षा, खोट्या बातम्यांना आळा. उद्दिष्टं सगळीकडे गोडच असतात. मी शोधतो ते हे, की बेकायदा ठरवणारा कोण आहे, आणि तो तक्रार करणाराच तर नाही ना. मुदत किती आहे, त्या वेळात माणूस मजकूर वाचू तरी शकेल का. चुकून काढल्याबद्दल कुणाला काही भोगावं लागतं का, की दंड एकाच बाजूला आहे. आणि ज्याचं लिहिणं गेलं त्याला कुणी कळवतं का. शेवटच्या प्रश्नाला उत्तर 'नाही' असेल तर बाकीची कलमं कितीही सुबक असोत, माझा विश्वास बसत नाही.

पण काही दटावण्या कुठल्याच मसुद्यात सापडत नाहीत. १९५६ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याने तरुणांच्या नीतिमत्तेसाठी एक आयोग नेमला. त्याला कुणावर बंदी घालायचा किंवा दंड करायचा अधिकार नव्हता. तो फक्त पत्रं पाठवायचा. अमुक पुस्तकं तरुणांसाठी अयोग्य असल्याचं आयोगाचं मत झालं आहे, आपण सहकार्य कराल याबद्दल आधीच आभार. सोबत, ही यादी स्थानिक पोलिसांनाही दिली जाते, अशी नम्र आठवण. ही पत्रं लेखकांना जात नसत, प्रकाशकांनाही नाही. ती जात घाऊक पुस्तकविक्रेत्याला. १९६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. धाक नुसता आभाराच्या भाषेत असला तरी तो धाकच, असा त्याचा रोख. २०२४ साली न्यूयॉर्कच्या एका अधिकारी बाईंनी विमा कंपन्यांवर आणलेल्या दबावाच्या खटल्यातही याच निकालाचा आधार घेतला गेला.

त्या घाऊक विक्रेत्याची हकीकत निकालात नोंदलेली आहे. पत्र आलं की तो त्या पुस्तकाची विक्री थांबवायचा आणि आपली माणसं दुकानादुकानांत पाठवायचा. ती फळ्यांवरच्या न विकलेल्या प्रती गोळा करून आणत आणि प्रती प्रकाशकाकडे परत जात. थोड्याच दिवसांत एखादा पोलीस येऊन चौकशी करायचा: त्या पुस्तकांचं काय केलंत?